नळ्याची यात्रा

गोशेन, इंडियाना. दुकानाबाहेर
एक आमिश म्हातारा घोड्याचा पट्टा आवळतोय,
आत आम्ही टो-बारांनी भरलेल्या भिंतीपुढे
शालू निवडायला आल्यासारखे उभे.

अच्युतला सगळ्यात स्वस्त हवाय.
घर विकून घेतलेल्या छत्तीस फुटी मोटरहोमला
तो 'बस' म्हणतो,
आणि तिच्यामागे बांधायच्या माझ्या होंडाला 'शेपूट'.

शेपटाचं वजन चौतीसशे पौंड.
मी कागदावर लिहून आणलंय. खाली दोन आकडे,
पहाटे दवात गुडघे टेकून, टेप लावून मोजलेले:
गाडीचा सोळा, बसचा एकवीस.

काउंटरमागची लोरेटा चष्मा कपाळावर सरकवते.
"पाच इंच उतार? दांडी आडवी हवी.
नाहीतर पुढच्याने ब्रेक मारला
की मागची त्याच्या पोटाखाली शिरते."
आणि फळीवरून एक वाकडा लोखंडी गुडघा काढते,
पाच इंच खाली उतरणारा.

मग यादी वाढत जाते.
माझ्या गाडीचा चेहरा उतरवून आत पोलाद बसवायचं.
दांडीखालून दोन केबल, फुली मारून.
दिव्यांची वायर: पुढच्याने डावीकडे म्हटलं
की मागचीनेही डावा डोळा मिचकवायचा,
पण पुढच्याची वीज मागचीच्या अंगात घुसता कामा नये,
त्याला डायोड.

"आणि ब्रेकची पेटी," लोरेटा म्हणते.
"ती कशाला? बसला आहेत की ब्रेक," अच्युत.
"गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. नळ्याला कसला ब्रेक?"

बाहेर घोडा मान झटकतो.

चौऱ्याऐंशी साली ओ'हेअरला उतरले
तेव्हा माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला जोडलेला.
नोकरी करायची नाही.
साडेतीन वर्षं खिडकीतून
पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या. लाल कमी असायच्या.

"नळ्यात वंगण असतं," मी म्हणते,
"ते नसलं की कण्याचं काय होतं, विचार तुझ्या आजोबांना.
पेटी घेतेय. माझ्या कार्डावर."

"तुटलंच सगळं, तर?" मी विचारते.
लोरेटा बोटभर जाडीची गुंडाळलेली वायर दाखवते.
"तर ही पिन निसटते.
ब्रेक लागतो. तुमची गाडी थांबते, एकटी."
मी तिला ते पुन्हा सांगायला लावते.
ऐकू आलं होतं.

"आणि शेवटचं. जोडलेली असताना
रिव्हर्स नाही. एक फूटसुद्धा नाही.
चाकं आडवी होतात, दांडी वाकते.
चुकलात तर उतरा, सोडवा,
वेगवेगळे मागे या."

गाडीचे सोपस्कार माझ्याकडे.
इंजिन चालू. गिअर डी-मध्ये, पाच आकडे मोजायचे.
न्यूट्रल. तीन मिनिटं नुसतं बसायचं.
इंजिन बंद, किल्ली एक घर पुढे,
स्टिअरिंगचं कुलूप उघडं.
मग उतरून, दार लावून, बसमध्ये त्याच्या शेजारी.

डॅशबोर्डवरच्या पडद्यात, करड्या रंगात, माझी गाडी.
आत कुणी नाही.
हायवेच्या वळणावर स्टिअरिंग आपोआप फिरतं,
पोळी लाटताना बोलणाऱ्या बाईच्या हातांसारखं, न बघता.
मी रस्ता पाहायचा सोडून तेच पाहत बसते.

लिगोनिअरच्या अलीकडे पेट्रोल पंपावर
अच्युत नको त्या बाजूने शिरला.
समोर डंपर, शेजारी बर्फाचं कपाट.
तो स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प.

मी उतरले. केबल सोडल्या, वायर काढली.
दांडीची पिन ताणात अडकलेली, हलेना.
गाडी चार बोटं पुढे घेतली, सैल झाली,
हाताला काळं ग्रीस.

आधी मी मागे आले.
मग आरशाच्या बाजूला उभी राहून,
दोन्ही हात वर करून,
त्याला आणलं:
ये, ये, अजून ये, डावीकडे.
बस.